दीड दिवसात जॉर्ज विटेट कसा बघायचा: जीपीओपासून शिवडीपर्यंत

आमच्याकडे मुंबईला गावाहून कोणीही पाहुणे आले की मी त्यांना गेटवे ऑफ इंडियाला नेते, फोटो वगैरे झाले की हमखास विचारते की हे बांधलं कोणी, आणि दरवेळी उत्तर येतं, इंग्रजांनी. राज्य इंग्रजांचं होतं हे खरं, पण ही कमान ज्याने कागदावर काढली तो स्कॉटलंडचा होता, जॉर्ज विटेट त्याचं नाव, आणि त्याने एकटा गेटवेच नाही केला तर म्युझियम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, बॅलार्ड इस्टेट, बॉम्बे हाऊस, परळची केईएम आणि वाडिया ही हॉस्पिटलं हेही त्याचंच काम आहे. माझी भाची वाडियात जन्मली, माझे बाबा केईएममधून बरे होऊन घरी आले, आणि या दोन्ही इमारती गेटवेवाल्याच माणसाच्या आहेत हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलेय.

सुरुवातीला मी पण सगळे करतात तेच केलं, म्हणजे मॅप उघडायचा, एकमेकांच्या जवळच्या इमारती निवडायच्या आणि चालत सुटायचं. पाय दुखले, फोटो भरपूर झाले, पण माणूस काही कळला नाही. मग एकदा वहीत त्याच्या आयुष्याची वर्षं एकाखाली एक लिहिली आणि त्याच क्रमाने फिरले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की कोणीतरी शिकतोय, धीट होतोय, दमतोय हे दगडात दिसतंय. तीच पद्धत इथे सांगतेय. शनिवार पूर्ण आणि रविवारची सकाळ एवढा वेळ काढा. शनिवार अशासाठी की पोस्टाचं काम चालू असतं, गॅलरी उघडी असते (नॅशनल गॅलरी सोमवारी बंद असते, ते लक्षात ठेवा) आणि फोर्टात ऑफिसची गर्दी बऱ्यापैकी कमी असते.

निघायच्या आधी अर्धा तास घरी बसा. डिक्शनरी ऑफ स्कॉटिश आर्किटेक्ट्स नावाचा एक फुकट ऑनलाइन कोश आहे, स्कॉटलंडच्या आर्किटेक्ट लोकांची जन्मकुंडलीच म्हणा ना, कोण कोणाकडे शिकला, कुठल्या ऑफिसात होता, कुठली कामं केली. तिथे आडनाव टाकून शोधा आणि वहीचं एक पान भरा. माझ्या वहीतलं पान साधारण असं आहे. जन्म १८७८, ब्लेअर ॲथॉल, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं पर्थशायरमधलं छोटंसं गाव, जिथला पांढराशुभ्र ब्लेअर कॅसल प्रसिद्ध आहे. पर्थ शहरात हेटन नावाच्या आर्किटेक्टकडे उमेदवारी, मग एडिनबरा, मग इंग्लंडमधलं यॉर्क. १९०४ साली मुंबई. तेव्हा तो पंचविशीत होता. आणि १९२६ साली मुंबईतच मृत्यू, पन्नाशी सुद्धा गाठली नाही. म्हणजे जे काही मुंबईला दिलं ते सगळं या २२ वर्षांत, आणि त्यातली चारेक वर्षं पहिल्या महायुद्धात गेलेली. हे गणित आधी डोक्यात बसवून मगच घराबाहेर पडा.

सोबत पाणी, टोपी आणि असेल तर छोटी दुर्बीण घ्या, कारण खरं नक्षीकाम तुमच्या डोक्याच्या बरंच वर असतं आणि मोबाईलच्या झूममध्ये ते फुटतं. आणि प्रत्येक ठिकाणी एकाच क्रमाने बघायची सवय लावून घ्या: आधी दगड, मग कमान, मग छत. दगडाचं सांगायचं तर मुंबईत मुख्य दोन रंग ओळखता आले तरी खूप झालं, एक कुर्ल्याकडचा काळपट करडा बेसाल्ट आणि दुसरा मालाडकडचा पिवळसर दगड, जो उन्हात चक्क मधासारखा दिसतो. हे दोन्ही इथलेच, आपल्या लोकलच्या स्टेशनांच्या नावाचे, आणि ते घडवणारे पाथरवटही इथलेच. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, म्हणून मी दगडाला हात लावते (जिथे लावायला परवानगी आहे तिथे) तेव्हा त्यांची आठवण ठेवते.

सकाळी साडेनऊच्या आसपास सीएसएमटीला उतरा आणि जीपीओ, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्ट ऑफिससमोर जाऊन उभे राहा. आता हे आधी स्पष्ट करते की जीपीओ विटेटचं नाही, ते जॉन बेगचं आहे. पण सुरुवात इथूनच करायची, कारण बेग हाही स्कॉटलंडचाच, मुंबई सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट, आणि विटेट १९०४ साली आला तो त्याचा असिस्टंट म्हणून. त्याच वर्षी जीपीओचं काम सुरू झालं आणि ते १९१३ साली पूर्ण झालं. म्हणजे हा पोरगा बोटीतून उतरतो तेव्हा त्याच्या साहेबाच्या टेबलावर कुठला नकाशा असेल तर हा.

आता मागे वळून सीएसएमटी बघा, १८८८ सालची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची, टोकदार गॉथिक, सगळीकडे युरोपातले पानाफुलांचे आणि प्राण्यांचे नमुने. आणि परत जीपीओकडे बघा, घुमट थेट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जमाने उभे आहेत. स्टीव्हन्सच्या काळी सरकारी इमारत म्हणजे युरोप असं समीकरण होतं, बेग आणि विटेटच्या काळात सरकारला वाटायला लागलं की इमारती इथल्या दिसाव्यात, मग ही मंडळी विजापूर, अहमदाबाद असं सगळं बारकाईने अभ्यासायला लागली. या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. नाव जड आहे पण अर्थ एवढाच की आतून इंग्रजी सोय, बाहेरून इथले घुमट, कमानी, छज्जे (भिंतीबाहेर आलेली दगडी छपरं), जाळ्या. यात राज्यकर्त्यांचा डाव होता असं अनेक जण म्हणतात, आपण इथल्याच राजांचे वारस आहोत असं दाखवायचा, आणि ते मला पटतं सुद्धा, पण डाव सरकारचा असला तरी अभ्यास या माणसांचा खरा होता, तो खोटा असता तर पुढच्या इमारतीत उघडा पडला असता. जीपीओच्या आत जा, घुमटाखालच्या हॉलमध्ये एखादं पाकीट खरंच पोस्ट करा, म्हणजे तिथे थांबायला कारण पण मिळतं, आणि वर बघा. वरच्या कमानी एकमेकींना छेद देत कशा जातात ते मनात ठेवा, तासाभरात परत लागणार आहे.

तिथून फोर्टातून चालत काळा घोडा, वीस-पंचवीस मिनिटं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. इथे घाई केली तर बाकी दिवसाला अर्थ नाही, किमान दोन तास द्या. आणि एक विनंती, पहिला अर्धा तास एकही वस्तू बघू नका, फक्त इमारत बघा.

कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ ला बसली, युवराजाच्या हस्ते, जो पुढे पाचवा जॉर्ज झाला. डिझाइनची स्पर्धा झाली ती १९०९ साली आणि त्यात विटेटचं डिझाइन निवडलं गेलं, वय अजून फक्त तीस. म्हणजे मुंबईत येऊन पाच वर्षं, आणि त्यात हा माणूस दख्खन प्यायला होता असंच म्हणावं लागेल. बेग भारत सरकारचा आर्किटेक्ट झाला आणि मुंबईची खुर्ची विटेटकडे आली, पण तुम्हाला सांगते, इथे बागेत उभं राहिलं की कळतं की शिष्य आधीच पुढे गेला होता.

गेटमधून आत आलात की लगेच पायऱ्यांकडे जाऊ नका, बागेत डावीकडे सरकून तिरकं बघा. समोरून बघितलं की फक्त मोठा घुमट दिसतो, तिरकं बघितलं की त्या घुमटाभोवती छोट्या घुमट्यांचा गोतावळा दिसतो, बाहेर आलेले सज्जे दिसतात, त्यांना खालून आधार देणारे दगडी तोडे दिसतात. भिंतीचा दगड करडा, कुर्ल्याचा, आणि उठावाला पिवळसर मालाडचा. दुपार चढायला लागली की छज्ज्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात, आणि तेव्हा कळतं की हे छज्जे शोभेचे नाहीत, आतल्या भिंती तापू नयेत म्हणून आहेत. पर्थ आणि यॉर्कमध्ये शिकलेल्या माणसाला उन्हापासून पळायची गरजच काय होती, ते त्याला इथल्या जुन्या इमारतींनीच शिकवलं.

आता आत. मधल्या हॉलमध्ये बरोब्बर घुमटाखाली उभे राहा आणि मान वर करा. या एकमेकींत गुंफलेल्या कमानी गोलघुमटाच्या आतल्या रचनेवरून घेतल्यात, मघाशी जीपीओत बघितलेलंच तत्त्व. चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवायचा तर कोपऱ्यांचं करायचं काय हा जुना प्रश्न आहे, आणि विजापूरच्या कारागिरांनी त्याचं उत्तर असं काढलं की दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवायचे, त्यांच्या कडांवर आठ कमानी एकमेकींतून काढायच्या, म्हणजे वर जाता जाता चौकोनाचा आपोआप गोल होत जातो. हे वाचून डोक्यात बसत नाही, तिथे उभं राहून बोटाने हवेत रेघा काढा म्हणजे बसतं. मी काढते, लोक बघतात, बघू देत.

मग नजर खाली आणा, लाकडाकडे. दगडाच्या हॉलमध्ये लाकडी खांब, लाकडी कमानी, लाकडी कठडे. हे नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवलेलं आहे. माझं आजोळ त्या भागातलं, लहानपणी वाड्याच्या ओटीवर असेच खांब बघितलेत, तेव्हा त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही, पावसात कुजले की सरपणात जायचे. आणि स्कॉटलंडहून आलेल्या या माणसाला वाटलं की हे लाकूड युवराजाच्या नावाच्या म्युझियमच्या अगदी मध्यभागी लावावं. मला विटेट याच जागी पहिल्यांदा आवडला. लाकडाला हात लावू नका, लावावासा खूप वाटतो, पण नका लावू. वरच्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन तिथून खाली बघा, तेव्हा खालच्या फरशीचा नमुना आणि वरचा घुमट एकाच नजरेत येतात.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. इमारत १९१४ साली तयार झाली पण म्युझियम उघडलं थेट १० जानेवारी १९२२ ला, गव्हर्नर लॉइडच्या पत्नीच्या हस्ते. मधली वर्षं युद्धाची, तेव्हा इथे लष्करी हॉस्पिटल होतं आणि बालकल्याणाचं केंद्रही होतं. म्हणजे ज्या हॉलमध्ये तुम्ही वर बघत उभे आहात ती इमारत आधी जखमी सैनिकांच्या कामी आली, मूर्ती नंतर आल्या.

बाहेर पडलात की जवळच रस्त्यापलीकडे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि त्याला लागून गोलाकार बांधणीचा सर कावसजी जहांगीर हॉल, जिथे आता १९९६ पासून नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. काम सुरू १९११ ला, पूर्ण व्हायला १९२० उजाडलं, मध्ये परत युद्ध. इथे फक्त वीस मिनिटं पुरे, पण ती वीस मिनिटं एकाच गोष्टीसाठी वापरा: दगड पूर्ण पिवळा झालाय बघा, खारोडीचा, मालाड-मार्वे बाजूचा, आणि विजापुरी धाटणीचे घुमट-छज्जे गायब. म्युझियमपासून हाकेच्या अंतरावर, तोच आर्किटेक्ट, जवळजवळ तीच वर्षं, आणि चेहरा साफ वेगळा, युरोपियन. मला आधी वाटायचं की हा कोणा दुसऱ्याचाच असणार. एकाच माणसाच्या हाताखाली दोन भाषा होत्या, आणि कुठे कुठली बोलायची हे तो जागा बघून ठरवायचा, किंवा पैसे देणारा बघून, दोन्ही असेल.

त्याची ती दुसरी भाषा नीट ऐकायची असेल तर टॅक्सी करून बॅलार्ड इस्टेटला या. दुपार झालेली असेल, भूक लागलेली असेल, इथे १९२३ पासूनचं ब्रिटानिया आहे, बेरी पुलाव खाऊन घ्या आणि मग उठून फिरा, पोट भरल्यावर हा भाग जास्त चांगला दिसतो कारण इथे बघायचं कौशल्य म्हणजे सावकाशपणा.

बॅलार्ड इस्टेटची जमीनच मुळात समुद्रातली. शेजारी अलेक्झांड्रा डॉक खणलं, आजचं इंदिरा डॉक, त्यातून निघालेली माती-दगड टाकून पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात ही २२ एकर जमीन भरून काढली. नाव जनरल बॅलार्डचं, पोर्ट ट्रस्टचा पहिला चेअरमन. आणि विटेटला इथे इमारत नाही, आख्खा मोहल्लाच रेखायला मिळाला. मालक वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण उंची सारखी ठेवायची, दर्शनी बाजूची शैली एक ठेवायची. करून बघा: कुठल्याही चौकात उभे राहा आणि एका इमारतीच्या वरच्या कंगोऱ्याची आडवी रेघ डोळ्याने धरा आणि ती पुढच्या इमारतीवर कशी चालत जाते ते बघत जा. कोणीच कोणाच्या डोक्यावर चढत नाही. आजच्या मुंबईत, जिथे प्रत्येक टॉवर शेजारच्याचा उजेड खातो, तिथून आलेल्या माणसाला इथे छातीत मोकळं वाटतं, मला तरी वाटतं. ग्रँड हॉटेलची इमारत पण त्याचीच. इथे भारतीय असं एकही चिन्ह शोधून सापडत नाही, हे लंडनच्या एखाद्या ऑफिसच्या गल्लीसारखं आहे, आणि मला म्युझियमइतकं ते जवळचं वाटत नाही हे खरं सांगते, पण शहर म्हणून बघितलं तर ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी आहे असं माझं मत आहे. सुंदर इमारत अनेकांना जमते, सुंदर रस्ता फार कमी लोकांना जमतो.

इथे एखाद्या झाडाखाली बसा आणि वहीत दोन नोंदी करा, कारण त्याच्या आयुष्यातलं वळण इथेच आहे. पहिली, १२ मे १९१७, जे.जे. स्कूलमधून आर्किटेक्चर शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी एक संघटना काढली आणि अध्यक्ष म्हणून विटेटला निवडलं. तीच संघटना वाढत वाढत १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली, देशभरच्या आर्किटेक्ट लोकांची आजची संस्था, आणि तिच्या अध्यक्षांच्या यादीत पहिलं नाव या स्कॉटिश माणसाचं आहे. स्वतः उमेदवारी करून शिकलेला माणूस इथल्या मुलांच्या पाठीशी उभा राहिला, मला ही नोंद त्याच्या कुठल्याही घुमटाएवढी मोठी वाटते. दुसरी नोंद, १९१९ साली त्याने सरकारी नोकरी सोडली आणि तो टाटांच्या इंजिनिअरिंग कंपनीत गेला.

त्याचा पुरावा दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर होमी मोदी स्ट्रीटला आहे, बॉम्बे हाऊस, १९२४, टाटांचं मुख्यालय. मालाडचा दगड, शांत चेहरा. आत सर्वसामान्यांना जाता येत नाही, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरून बघायचं आणि पुढे निघायचं. गेटपाशी कुत्री पहुडलेली दिसली तर हाकलू नका, त्यांना तिथे हक्काने आत जागा आहे.

आता चार वाजत आले असतील, गेटवेला जा. सगळे सकाळी जातात आणि तिथेच चुकतात. गेटवेचं तोंड पूर्वेला समुद्राकडे आहे, त्यामुळे सकाळचं ऊन समुद्राच्या बाजूवर पडतं आणि शहराकडची बाजू, जिथे आपण उभे असतो, ती काळवंडलेली दिसते. चार-साडेचारनंतर पश्चिमेचं ऊन शहराकडच्या बाजूवर येतं आणि तो खारोडीचा पिवळा दगड पेटतो अक्षरशः.

आधी वर कोरलेलं वाचा. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले त्याची आठवण म्हणून हे उभारलंय असं लिहिलंय, वर्ष रोमन आकड्यांत. पण राजा उतरला तेव्हा ही दगडी कमान नव्हती! कोनशिला ३१ मार्च १९१३ ला, विटेटचं डिझाइन मंजूर झालं ऑगस्ट १९१४ ला, पाया पूर्ण व्हायला १९२० आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय रीडिंगच्या हस्ते. उंची ८५ फूट, मधला घुमट ४८ फूट व्यासाचा, खर्च साधारण २१ लाख रुपये. मागे दिसणारं ताज १९०३ चं, म्हणजे ताज गेटवेपेक्षा २१ वर्षांनी मोठं आहे. आणि ताजच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा मोठा हात होता, विटेटबरोबर हेही नाव वहीत लिहा, आपण लिहिलं नाही तर कोण लिहिणार.

मग डिझाइन. म्युझियममध्ये दख्खन होतं, इथे गुजरात आहे, सोळाव्या शतकातल्या अहमदाबादच्या मशिदींची धाटणी. चार मनोरे, मधली प्रचंड कमान, दोन्ही बाजूंना मोठे हॉल, दोन्ही मिळून ६०० माणसं मावतील एवढे. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांकडे दुर्बीण लावा, त्या ग्वाल्हेरहून आणल्या होत्या. आणि आतला गाभा मात्र आरसीसीचा, तेव्हाचं अगदी नवं तंत्र, म्हणजे चारशे वर्षं जुना चेहरा आणि आत काँक्रीट. आणि आठवतंय ना, हे डिझाइन मंजूर झालं त्याच वर्षी बॅलार्ड इस्टेटची भरणी सुरू झाली होती. दुपारी जी लंडनसारखी गल्ली बघितलीत आणि आत्ता ही जी जाळी बघताय, ती दोन्ही एकाच माणसाने एकाच काळात हाताळली.

आता एक सोपा प्रयोग. कमानीच्या बरोबर मधोमध पाठ समुद्राकडे करून उभे राहा आणि सरळ समोर बघा. रस्ता समोर येत नाही, बाजूला तिरका निघून जातो. विटेटने कमानीपर्यंत येणारा ऐसपैस सरळ रस्ता आखला होता, पैसे नव्हते म्हणून तो झालाच नाही, आणि शंभर वर्षं झाली, शहराचं हे सगळ्यात मोठं दार रस्त्याशी तिरकंच उभं आहे. मला दर वेळी वाईट वाटतं. आयुष्यभर रेघेत रेघ मिळवणारा माणूस, आणि त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध कामासमोरची रेघच जुळलेली नाही.

मग बोटीत बसा. हे टाळू नका, घारापुरीला जायचं नसेल तरी बंदरात छोटी फेरी मारणाऱ्या बोटी असतात. ही कमान समुद्रातून येणाऱ्यांसाठी काढलेली आहे, जमिनीवरून आपण तिची पाठच बघत असतो. बोट लांब गेली की ती आधी मोठी वाटत राहते, मग हळूहळू तिच्या मागचं शहर वर येतं. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून बाहेर पडून गेली, त्यांना शेवटचं दिसलेलं हिंदुस्थान म्हणजे हे दृश्य. परत आलात की समोरच्या बागेतल्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार करून (तो २६ जानेवारी १९६१ ला बसला) घरी जा, पाय शेकून झोपा.

रविवारी सकाळी परळ. केईएम आणि वाडिया दोन्ही आचार्य दोंदे मार्गावर आहेत, परळ स्टेशनवरून चालत. ही हॉस्पिटलं आहेत, तिथे माणसं काळजीत बसलेली असतात, त्यामुळे कॅमेरा खिशात, आवाज कमी, आणि आत वॉर्डांकडे अजिबात जायचं नाही, बाहेरून रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं बघायचं. केईएम १९२६ चं, त्याला जोडलेल्या कॉलेजसाठी सेठ गोर्धनदास सुंदरदासांच्या देणगीतून पैसे आले तेव्हा अट होती की शिकवणारे सगळे भारतीय हवेत. नौरोसजी वाडिया मॅटर्निटी पण १९२६ चं, आणि मुलांचं बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल १९२९ चं, जे उघडलेलं बघायला विटेट राहिला नाही. इथे घुमटांची मिरवणूक नाही. लांब व्हरांडे, हवा खेळेल अशा खिडक्या. शंभर वर्षांत या दारांतून किती बाळं बाहेर आली असतील त्याचा हिशोब कोण ठेवणार, माझी भाची त्यातली एक.

तिथून टॅक्सीने थोड्याच अंतरावर शिवडीचं ख्रिश्चन सिमेटरी. विटेट १९२६ साली मुंबईतच गेला, तीव्र आमांशाने, गेटवेच्या उद्घाटनाला दोन वर्षंही झाली नव्हती. ज्या शहरात हॉस्पिटलं काढली त्याच शहरातल्या पाण्याच्या आजाराने गेला. त्याला इथेच पुरलंय. आणि काल सकाळी ज्याची सीएसएमटी बघितलीत तो फ्रेडरिक स्टीव्हन्स पण इथेच आहे, तो मलेरियाने गेला, १९०० साली. फाटकापाशी असलेल्या माणसाला नमस्कार करून आधी विचारा, कशासाठी आलोय ते मराठीत सरळ सांगा, लोक मदत करतात. पावसाळ्यात गवत खूप वाढलेलं असतं, बूट घाला. सोबत फुलं नेलीत तर साधी झेंडूची न्या. आजूबाजूला दुसऱ्या कुटुंबांची माणसं आलेली असतात, त्यांच्या कबरींचे फोटो काढू नका.

ज्यांच्याकडे अजून वेळ आहे त्यांनी एखाद्या दिवशी धोबी तलावचं स्मॉल कॉजेस कोर्ट बघावं, तेही त्याचंच. कराचीला पोर्ट ट्रस्टची १९१६ ची इमारत पण त्याची आहे, कारण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि तिथपर्यंत त्याचं काम पसरलेलं होतं. तिथे जाणं आपल्याला अवघड, फोटो बघून म्युझियमशी ताडून बघा.

आणि शेवटी एकदा विजापूरला जाच, कारण विटेटने जे धडे गिरवले ते पुस्तक तिथे आहे. मुंबईहून रात्रीची गाडी पकडून सोलापूर, तिथून बसने साधारण १०० किलोमीटर. गोलघुमट सकाळी उघडतो तेव्हाच आत शिरा, शाळांच्या सहली आल्या की वरच्या गॅलरीत आवाज टेस्ट करायला झुंबड उडते आणि काही म्हणता काही बघता येत नाही. तुम्ही आधी वर जाऊच नका. खाली मोहम्मद आदिलशहाच्या कबरीच्या चौथऱ्याजवळ उभे राहा, मान वर करा आणि कमानी मोजा, एकीतून दुसरी कशी निघते ते बोटाने हवेत काढत.